पेराएवढ्या माणसांचं गाव

हर्सूलच्या तलावाकडं जाताना जेलच्या मागच्या अंगाला रो-हाऊसच्या चार रांगा आहेत. दुसऱ्या रांगेतलं शेवटचं घर भागूबाई औताडेचं. एरवी त्या घराकडं कुणी वळून बघत नाही, पण भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की तीन दिवस दारात चपलांना जागा पुरत नाही. बायका हळदीकुंकू लावून घेतात, प्रसादाचा द्रोण हातात धरतात आणि आरास बघत उभ्या राहतात. लक्ष्म्यांच्या पुढ्यात भागूबाई दर साली एक अख्खं गाव मांडते. पुठ्ठ्याची घरं, परातीत उगवलेल्या गव्हाचं शेत, खळ्यात खऱ्या ज्वारीची रास, पाणवठ्यावर बाया, दावणीला बैल. चुलीवर नखाएवढी भाकर.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्या हलवल्या की गावही मोडायचं. घर लहान, ठेवायला जागा नाही, ठेवलं तर उंदीर खातात. चौतीस सालं हे असंच. दर साली मोडताना ती म्हणायची, "एकदा तरी हातून असं काही व्हावं, जे मोडावं लागू नाय."

नवरा फकिरा वाळूजला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये एकतीस वर्षं राबून निवृत्त झालेला. मशीनच्या दणक्यानं कान निम्मे गेलेले, त्यामुळं बोलणं सगळं मोठ्यानं. तो म्हणायचा, "मंग सिमेंटचं कर की! मी रोज पाणी मारतो."

दोन वर्षांमागं महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला समोरच्या रांगेतली हिमानी आली. तीसेक वर्षांची, वाळूजच्याच एका कंपनीत डिझाइनचं काम करणारी पोरगी. ती आराशीपुढून हलेचना. बाकीच्या बायका गेल्यावर म्हणाली, "काकू, मला अशी घरं करून द्याल?"

"कोणाच्या लक्ष्म्यांसाठी?"

"लक्ष्म्या नाहीत हो. युद्धासाठी."

भागूबाईनं तिच्याकडं असं बघितलं की हिमानीला हसू आलं. मग तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक शिपाई काढला. भाला, पागोटं, कमरेचा शेला, सगळं रंगवलेलं. सिडकोतल्या एका हॉलमध्ये दर रविवारी ती आणि तिचे मित्र असल्या शिपायांचा खेळ खेळायचे. मोठ्या टेबलावर दोघांच्या दोन फौजा, टेपानं मोजून चाल, फाशानं निकाल. टेबलावर टेकड्या, घरं, भिंती लागतात, फौजेला आडोसा म्हणून. त्याला ते टेरेन म्हणतात. लढाया खेळायच्या दख्खनच्या, अन् बाजारात मिळणारी घरं परदेशी, उतरत्या छपराची, धुराड्याची.

"मराठ्यांचं घोडदळ धुराड्यांमधून पळतंय, बघवत नाही काकू."

भागूबाईनं शिपाई आपल्या तर्जनीला लावून बघितला. बरोबर एक पेर भरला. मग तिनं एकच गोष्ट विचारली. "खेळ झाल्यावर घरांचं काय करता?"

"जपून ठेवतो. पुढच्या रविवारी परत काढतो. वर्षानुवर्षं."

"करती," भागूबाई म्हणाली.

फकिरानं आपली स्टीलची पट्टी आणून दिली, तिला तिनं हातसुद्धा लावला नाही. दार सव्वा पेर, भिंत दोन पेर, बैलाची पाठ पाऊण पेर. सगळं माप बोटावर. दिवाळीच्या आत सात घरं तयार झाली आणि हिमानीनं ती रिक्षात मांडीवर धरून सिडकोला नेली. भागूबाई बरोबर गेली.

हॉलवर शंतनू म्हणून बँकेतला एक पोरगा सगळा कारभार बघायचा. त्यानं घरं टेबलावर मांडली, एका बाजूनं बघितलं आणि तोंडातून नुसतं "अरे बापरे" काढलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन आपली फौज लावायला बसला आणि तिथंच थांबला.

"काकू," तो म्हणाला, "इकडून तर माझं सैन्य बिस्किटाच्या कारखान्यावर चालून आलंय."

घरांना पाठच नव्हती. पुढून शेणानं सारवलेल्या भिंती, कोनाडे, तोरणं. मागून बिस्किटाच्या खोक्याचा उघडा पुठ्ठा, त्यावरची छपाई तशीच. चौतीस सालं आरास भिंतीला टेकून मांडलेली. मागं कोण जातंय?

"मागून कोण बघतं?" भागूबाई म्हणाली. "लक्ष्मी तर म्होरंच बसती."

सगळे हसले. तीही हसली, पण रिक्षात एकेक घर उलटं करून बघत बसली. घर आल्यावर हिमानीला म्हणाली, "तुमच्या ह्या खेळात चहूकडून म्होरंच असतं. लई अवघड हाय." पंधरा दिवसांत तिनं सातही घरांना पाठ दिली, आणि दिली ती अशी की पुढची बाजू फिकी पडावी. भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या, न्हाणीची मोरी, मोरीच्या ओलीवर अळू, कोंबड्यांचं खुराडं, धुण्याचा दगड. शंतनू मग मुद्दाम मागच्या बाजूला बसायला लागला.

पुढं सालभर तिचे हात थांबले नाहीत. टेकड्या झाल्या, आपल्याकडच्या असतात तशा पायऱ्यापायऱ्यांच्या, काळ्या दगडाच्या, माथा सपाट. खेळणाऱ्यांना सपाट माथा लई मानवला, शिपाई उभे राहतात. कोथिंबिरीच्या मुळ्या उलट्या करून वाळवल्या की निष्पर्ण झाडं होतात, हे तिनंच काढलं. घरात कोथिंबीर मुळासकट येऊ लागली, पानंही वाळून झाडांखालच्या पाचोळ्याला जाऊ लागली आणि फकिराच्या वरणात वरून पडणारी बंद झाली.

"जंगल उठवलंस," तो ओरडायचा, "अन् मला फोडणीला पाला नाय!"

जानेवारीत मेळा ठरला. पुण्याचे, नाशिकचे, नांदेडचे खेळाडू दोन दिवस येणार, आठ टेबलं लागणार. सात तयार होती. आठवं शंतनूला हवं होतं फौज येऊन गेल्यानंतरच्या गावाचं. ओसाड घरं, पडक्या भिंती.

"पडकं घर मी करणार नाय," भागूबाई म्हणाली.

हिमानी ओट्यावर बसली होती. "का हो काकू?"

"लक्ष्मीम्होरं मांडणारे हात हायेत हे. आराशीत चूल बी रिकामी ठेवत नाय मी, चिमूटभर पीठ असतं परातीत. अन् पडकं घर करू?"

"अगं खेळण्यातलं घर ते," आतून फकिरा ओरडला. "त्यात कोण ऱ्हायला जाणार हाय?"

"तुमाला नाय कळायचं. चहा प्या."

हिमानी म्हणाली, "मग ते टेबल पुण्याहून तयार मागवावं लागेल. आणि शंतनू म्हणतोय, एकदा तयार सामान आणायचंच तर सगळी टेबलं एकसारखी करू. तुमची घरं मग माळ्यावर जातील."

भागूबाईनं सूप पुढं ओढलं. सुपात तांदूळ होते, ते निवडत बसली. ही घरं कुणी मोडणार नाही, एवढ्या एका शब्दावर तिनं हा धंदा धरला होता.

आठ दिवसांनी हिमानी स्वतः केलेलं एक पडकं घर घेऊन आली. म्हणाली, "करू नका. नुसतं रंगवून द्या." तिनं मेहनत घेतली होती. भिंती वरून कुरतडलेल्या, वासे आडवेतिडवे पडलेले, दाराची चौकट कोळशानं काळी केलेली, पण जागेवर.

भागूबाईनं ते तळहातावर घेतलं. फिरवलं.

"हे कुणी पाडलं?"

"फौजेनं. जाळलं."

"आणि मंग चौकट कशी ऱ्हायली? वासे कसे ऱ्हायले?"

"म्हणजे?"

"अगं बाई, गाव उठलं की सगळ्यात आधी लाकूड जातं. फौज येऊ दे नाहीतर पाणी येऊ दे. सागाची चौकट कोणी टाकून जाईल का? घरवाला नेतो. त्यानं नाय नेली तर शेजारचं गाव नेतं. हे असं ऱ्हात नसतंय."

"तुम्हाला काय माहीत पण?"

"मी पाह्यलंय."

हिमानीला हे ठाऊक नव्हतं. भागूबाईचं माहेर पैठणकडचं, गोदावरीच्या काठावरचं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. बापानं पहार घेऊन दाराची चौकट उकलली. उकलायच्या आधी आईनं चौकटीला हळदकुंकू लावलं. मग छताच्या कड्या काढल्या, त्यांवरचे पाट काढले, आणि आधार गेल्यावर माळवदाची सगळी माती धप्पकन घरात आली. पोरं टाळ्या वाजवत होती, ती पण. धूळ बसल्यावर बघितलं तर स्वयंपाकघराची निळीनं रंगवलेली भिंत उघड्या उन्हात उभी. दिव्याच्या काजळीनं काळा झालेला कोनाडा रस्त्यावरून दिसत होता.

"आतली भिंत भाईर आलेली पाह्यली का कधी तू?" तिनं विचारलं. "लाज वाटती बघायला. कोणाचं तरी लुगडं फेडल्यागत."

भागूबाईनं हिमानीचं घर खाली ठेवलं.

"ते पडकं नव्हतं. उठलेलं व्हतं. पडकं अन् उठलेलं, दोन वेगळं असतं," ती म्हणाली. मग जराशानं, "उठलेलं करती. तुझ्या शंतनूला सांग."

दुसऱ्या दिवशी दोघी गुलमंडीच्या बाजारात गेल्या. हिमानीनं प्लास्टिकच्या बारीक सामानाचं पाकीट घेतलं होतं, घागरी, शिड्या, पोती, पिंपं, गाडीची चाकं. टेबल त्यानं उठून दिसतं असं तिचं म्हणणं. भागूबाईनं दुकानाच्या काउंटरवरच पाकीट फोडलं आणि एकेक नग बाजूला सारायला लागली.

"घागर? तांब्याची घागर कोण टाकून जाईल? काढ. शिडी लाकडाची, काढ. चाक तर बिलकुल नाय, चाकावर तर गाव गेलं."

"मग उरलं काय काकू?"

"जे उचलत नाय ते. उखळ. निम्मा पुरलेला रांजण. ढोरांना पाणी पाजायची दगडी डोणी. फुटकी चूल."

दुकानदार म्हणाला, "खाला, पैसे पूरे पाकीट के लगेंगे."

"घे बाबा, अन् हे पाकीट बी तूच ठेव."

डोणी, उखळ तिनं घरी मातीचीच केली. खेळाडूंना त्यामागं बंदूकवाले लपवता येणार होते, हे हिमानीनं मनात मोजून ठेवलं.

रंगाचं काम महिनाभर चाललं. आधी सगळ्यावर काळा हात. तो वाळला की मातीचा रंग. मग पांढुरका रंग ब्रशावर घ्यायचा, जवळपास सगळा पेपरवर पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश भिंतीवरून नुसता फिरवायचा, की उंचवट्यांना तेवढा लागतो आणि भिंत शंभर पावसाळे खाल्ल्यासारखी दिसते. शेवटी पाण्यासारखा पातळ काळा भेगांतून सोडायचा. जमिनीला तिनं तलावाकडची माती आणली नाही, ती काळी. गाव काळीत बसत नसतंय, पांढरीतच बसतं. फकिरा स्कूटरवर दोन गावं फिरून पांढरी माती घेऊन आला, ती तिनं चहाच्या गाळणीनं चाळली. एका भिंतीला खरी नीळ लावली.

फकिरानं आणलेल्या प्लायवर नऊ घरं, मारुतीचा पार, विहीर आणि एक चिंच असं गाव उभं राहिलं. पारावर मारुती नव्हता, त्याच्या जागी शेंदराचा डाग होता. मारुती गावाबरोबर गेला होता. घरं माहेरी जशी होती तशीच, ज्याच्या शेजारी जो होता तोच. तिनं ती फेविकॉलनं पक्की चिकटवली, खालून खिळे मारले, वरून माती बसवली. आता हे हलणार नव्हतं.

मेळ्याला दहा दिवस उरले तेव्हा शंतनू बघायला आला. गुडघ्यांवर बसून त्यानं बराच वेळ बघितलं. खिशातून एक शिपाई काढून निळ्या भिंतीपाशी उभा केला, परत काढून घेतला.

"काकू, असं टेबल माझ्या बघण्यात नाही," तो म्हणाला. मग प्लायच्या कडेला बोट लावून म्हणाला, "पण हे सगळं एकात आहे का?"

"गावच हाय ते. एकातच असणार."

त्यानं जपून समजावलं. प्रत्येक डावाला मांडणी वेगळी लागते. दोन्ही खेळाडू आळीपाळीनं एकेक घर उचलून ठेवतात, म्हणजे कुणाला आधीच फायदा नको. सुटी घरं नसतील तर टेबल खेळायच्या कामाचं नाही.

"मोडायचं म्हणतोस."

"तसं नाही. राहू द्या असंच. हॉलच्या दाराशी काचेच्या पेटीत ठेवू. तुमचं नाव लावू. कुणी हात लावणार नाही, कायमचं राहील. खेळायला पुण्याचं मागवू."

फकिरा भिंतीला टेकून ऐकत होता. इतक्या मोठ्यानं बोलला की समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं. "काच! नाव! घे म्हण की, भागू! आणखी काय पाहिजे तुला?"

खरंच, आणखी काय पाहिजे होतं. भागूबाई म्हणाली, "रविवारी सांगती."

रविवारी ती हॉलवर गेली. घरं पोचवायला ती पुष्कळदा गेली होती, पण डाव पुरा बसून कधी बघितला नव्हता. त्या दिवशी तिनं खुर्ची भिंतीकडं ओढली आणि बसली. तिच्या जुन्या घरांच्या टेबलावर हिमानी आणि शंतनू खेळत होते. चाल आली की दोघं वाकायचे. हनुवटी टेबलाच्या कडेला लावून, एक डोळा मिटून शिपायाच्या मागून बघायचे, की ह्याला समोरचा दिसतो का, की मधी भिंत येते. गोवऱ्यांच्या भिंतीआडून, मोरीच्या कडेनं, खुराड्याच्या वरून. एवढा मोठा बँकेतला माणूस तिच्या सव्वा पेराच्या दारातून आत डोळा घालून बघत होता आणि कुरकुरत होता, "हिचा बंदूकवाला दिसतोय राव."

चौतीस सालं लोकांनी तिची आरास उभ्यानं, हात जोडून बघितली. दारातून आत कुणी बघितलं नव्हतं. काचेपुढंही लोक उभेच राहणार.

घरी आल्यावर तिनं फकिराला करवत मागितली.

"कापतीस? काच नको?"

"काचेतून घरात कसं शिरायचं माणसानं?"

"दे इकडं, मी कापतो. प्रेस शॉपचा माणूस हाय मी."

"माहेर माझं हाय. मीच कापती. तुमी फळी धरा."

बोळाबोळानं करवत चालली. पहिलं घर सुटं होताना पांढऱ्या मातीचा पापुद्रा तडकला, तेव्हा तिचा हात थांबला. फकिरा फळी धरून उभा होता, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्यायचं का?"

"नाय. गाव तसं बी उठल्यावर एका जागी कुठं बसलं? निम्मं ह्या माळावर, निम्मं त्या. आमी इकडं, चुलता तिकडं." तिनं करवत परत लावली. दोन दिवसांत बारा तुकडे झाले. प्रत्येकाची कड तिनं उताराची करून मातीनं लिंपली, म्हणजे कुठंही ठेवलं तरी जमिनीतून वर आल्यासारखं दिसावं.

मेळ्याच्या दिवशी आठव्या टेबलावर पहिला डाव नाशिकच्या एका जाडजूड गृहस्थाचा आणि नांदेडच्या एका पोरीचा लागला. भागूबाई कडेला उभी होती, हिमानीनं त्यांना सांगितलं की हे गाव काकूंनी केलंय. दोघं आळीपाळीनं तुकडे ठेवू लागले. पोरीनं चिंच नेऊन थेट टेबलाच्या कोपऱ्यात लावली. नाशिककरानं पाटलाचं घर गावातल्याच सटवाजीच्या घराला चिकटवून ठेवलं.

"अगं आई," भागूबाई तोंडावर पदर धरून हिमानीला म्हणाली, "ह्या दोघांचा बांधावरून कोरटात खटला चालू व्हता. आता दोन्ही बायका एका मोरीवर!"

नाशिककर हसला. अकरा तुकडे ठेवून झाले होते. एक घर उरलं होतं, निळ्या भिंतीचं. पाळी त्याची होती. त्यानं ते उचललं, भागूबाईकडं बघितलं आणि तिच्या हातात दिलं.

"माझ्यातर्फे तुम्ही ठेवा काकू. कुठंही."

भागूबाईनं घर दोन्ही हातांत घेतलं. ते जिथं असायचं ती जागा कुठंच राहिली नव्हती, तिथं आता टेकडी होती. तिनं टेबलाला एक फेरी मारली. पारापाशी थांबली, पुढं गेली. मग वाकून घर विहिरीच्या अगदी कडेला ठेवलं, दार विहिरीकडं करून, आणि बोटानं जरा सरळ केलं.

"इथं. माझ्या मायला पाणी लई लांब पडायचं."

नाशिककरानं हनुवटी टेबलाला लावली, एक डोळा मिटला, आणि पुन्हा सरळ होत म्हणाला, "अहो काकू, तिथं ठेवलं तर माझ्या घोडदळाची वाटच अडते की!"

"अडू दे," भागूबाई म्हणाली. "वळसा घालून जा."